घराण्याचं संमेलन आणि जुना ठेवा: कामाचा क्रम चुकू नये म्हणून

संमेलनाची तारीख ठरली की आधी हॉल बघितला जातो, मग ग्रुप तयार होतो, मग टी-शर्टच्या रंगावरून वाद. वंशावळीची आठवण होते ती शेवटच्या आठवड्यात, आणि तीही "सगळे येणारच आहेत, तेव्हा लिहून घेऊ" अशी. घोळ होतो तो इथेच. शंभरेक माणसं एका दिवसासाठी भेटतात तेव्हा त्यांना गप्पा मारायच्या असतात, फॉर्म भरायचे नसतात. गोंगाट एवढा की कुणाचं बोलणं रेकॉर्ड होत नाही. ज्या आजींना सगळं ठाऊक आहे, त्या दुपारपर्यंत दमून कोपऱ्यात बसलेल्या असतात. संध्याकाळी हाती उरतात सेल्फी आणि अर्धवट भरलेले कागद.

म्हणून क्रम उलटा धरायचा. माहिती आधी गोळा करायची, संमेलनात ती सगळ्यांपुढे मांडून दुरुस्त करून घ्यायची आणि पुढच्या महिन्याभरात पक्की करून साठवायची. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. हाताशी सहा महिने आहेत असं धरलं आहे. वेळ कमी असेल तर कार्यक्रम आटोपता घ्या, पण टप्पा ३ आणि ४ गाळू नका.

टप्पा १: कोणापासून आणि कुठपर्यंत, ते लिहून ठेवा

"आपलं घराणं" म्हणजे नेमकं कोण, हे न ठरवता सुरुवात केली की महिन्याभरात काम हाताबाहेर जातं. वर चढत गेलात तर प्रत्येक पिढीला पूर्वजांची संख्या दुप्पट होते: आईवडील २, आजी-आजोबा ४, मग ८, १६, आणि पाचव्या पिढीला ३२. त्यामुळे संमेलनासाठी खाली उतरणं सोपं. एक मूळ जोडपं निवडा, ज्यांच्याबद्दल बोलू शकेल असं निदान एक माणूस आज हयात आहे, आणि त्यांचे सगळे वंशज घ्या.

सगळे म्हणजे लेकींचे वंशजही. कित्येक वंशावळींत मुलीच्या नावापुढे रेघ थांबते आणि तिच्याबरोबर निम्म्या आठवणी, निम्मे फोटो गळून पडतात. सासरी गेलेल्या मुलीच माहेरचे फोटो जपून ठेवतात, हे कामाला लागल्यावर दिसेलच. दत्तक मुलं, दुसरं लग्न, घटस्फोट यांची नोंद कशी करायची, तेही आत्ताच ठरवा. प्रसंग आल्यावर ठरवायला गेलात की ते भांडण होतं.

कामाला तीन माणसं पुरतात: एक वंशावळ सांभाळणारा, एक फोटो-कागद पाहणारा, एक रेकॉर्डिंग करणारा. मूळ फाइल मात्र एकाच्याच ताब्यात हवी. बाकीच्यांनी दुरुस्त्या कळवायच्या, स्वतः हात लावायचा नाही. "फायनल", "फायनल २" आणि "खरी फायनल" अशा तीन फाइली झाल्या की कुठली खरी, हे कुणीच सांगू शकत नाही.

टप्पा २: कच्ची वंशावळ

वहीत किंवा साध्या तक्त्यात सुरुवात केली तरी चालेल, पण माणसं पन्नासच्या पुढे गेली की वंशावळीचं सॉफ्टवेअर घ्या. ग्रॅम्प्स हे मोफत आहे आणि स्वतःच्या संगणकावर चालतं. कुठलंही घ्या, एकच अट: माहिती जेडकॉम या प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा हा सर्वमान्य प्रकार आहे. त्याची ७.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली, पण अजून बरीच सॉफ्टवेअर जुनी ५.५.१ वापरतात.

> तपासा: दहा नावं भरून जेडकॉम फाइल काढा आणि दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर आत्ताच कळलेलं बरं, चारशे नावं भरल्यावर नको.

प्रत्येक माणसाला एक कायमचा क्रमांक द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १.२.३ (म्हणजे मूळ जोडप्याच्या, १ च्या, दुसऱ्या मुलाचं तिसरं मूल) असा पिढीदर्शक क्रमांकच ओळख म्हणून वापरणं. तो दिसायला छान. पण लहानपणीच वारलेल्या थोरल्या भावाचा शोध लागला की धाकट्यांचे आणि त्यांच्या सगळ्या मुलानातवंडांचे क्रमांक बदलतात. फोटोंवर, पाकिटांवर टाकलेले जुने क्रमांक मग निरुपयोगी. म्हणून ओळखीसाठी साधा ००१, ००२ असा क्रमांक आणि पिढीदर्शक क्रमांक फक्त छापताना.

प्रत्येक नोंदीत पूर्ण नाव, घरात हाक मारायचं नाव, बायकांचं माहेरचं नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, ठिकाण, आणि ही माहिती कुठून मिळाली ते. हा शेवटचा रकाना सगळे रिकामा ठेवतात, आणि पुढे वाद झाला की कामाला येतो तो हाच. "धाकट्या काकूंनी सांगितलं" आणि "जन्मदाखल्यावर आहे" यांचं वजन सारखं नाही.

तारीख नक्की नसेल तर "१९३२ च्या सुमारास" असंच लिहा. रकाना भरायचा म्हणून १ जानेवारी टाकू नका, पाच वर्षांनी ती कुणीतरी खरी समजेल. जुन्या कागदावर वेगळ्या कालगणनेची तारीख असेल तर ती आहे तशी उतरवा आणि शेजारी इसवी सनाची द्या. एकाच घटनेच्या दोन तारखा मिळाल्या तर दोन्ही ठेवा, कुठली का धरली तेही लिहा.

> तपासा: मुलाच्या जन्मावेळी आईचं वय बारा किंवा साठ येतंय का? सख्ख्या भावंडांत चार-पाच महिन्यांचंच अंतर आहे का? मृत्यूनंतर लग्न झालंय का? हसू नका, प्रत्येक कच्च्या वंशावळीत यातलं काहीतरी सापडतंच. बहुतेक वेळा एकाच नावाचे आजोबा आणि नातू एकमेकांत मिसळलेले असतात.

टप्पा ३: वडीलधाऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करा

कुणाकडे आधी जायचं? मानाने नव्हे, तब्येतीने ठरवा. ज्यांची स्मृती किंवा प्रकृती ढासळू लागली आहे ते पहिले, मग बाकीचे. घरातला कर्ता पुरुष सगळं सांगतोच, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच जातात. त्याची बायको, न शिकलेली बहीण, घरात राहिलेली आत्या यांच्याकडे मात्र कुणी माईक नेत नाही. तिकडे आवर्जून जा.

*जाण्याआधी.* फोनवरचं रेकॉर्डिंगही चालतं, फक्त फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर ऐन गोष्टीत घंटी वाजते. शर्टाला लावायचा छोटा माईक मिळाला तर उत्तम. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये फाइल शक्यतो वेव्ह (आवाज न आवळता साठवणाऱ्या) प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशी ठेवा. एका माईकच्या तासाभराच्या बोलण्याला साधारण ५२० एमबी लागतात, तेवढी जागा मोकळी आहे ना ते पाहा.

> तपासा: खोलीत बसून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. पंख्याची घरघर, फ्रीजचा आवाज, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कानाला चालून जाते, माईकला नाही. पंखा बंद करणं शक्य नसेल तर माईक बोलणाऱ्याच्या आणखी जवळ न्या.

*सुरुवात.* रेकॉर्डिंग सुरू करून आधी स्वतः बोला: आजची तारीख, ठिकाण, समोर कोण बसलंय, खोलीत आणखी कोण आहे. मग विचारा, "हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलं तर चालेल ना?" उत्तर रेकॉर्ड होऊ द्या. पुढे कधी "आम्हाला विचारलं होतंत का?" असा प्रश्न आला तर ही दोन वाक्यं उपयोगी पडतात.

*प्रश्न.* "तुमचं बालपण कसं गेलं?" या प्रश्नाला "छान गेलं" एवढंच उत्तर मिळतं. "तुमच्या काळी फार कष्ट होते ना?" यालाही फक्त "हो". नेमकं विचारा: सकाळी सगळ्यात आधी कोण उठायचं? पैसे कुठे ठेवलेले असायचे, हिशोब कोण ठेवायचं? आजारी पडलं की कुणाला बोलावायचे? घरात कोण कुणाशी बोलत नसे?

आजवर सगळ्यात कामाला आलेली युक्ती म्हणजे कागद-पेन्सिल पुढे करून जुन्या घराचा नकाशा काढायला सांगणं. रेषा वाकड्या येतात, खोल्यांची मापं चुकतात, त्याचं काही नाही. हात फिरत असतो आणि तोंड सुरू होतं: "इथे दार. इथे काकूंची ट्रंक. नाही, ट्रंक नंतर आली, आधी इथे पाळणा होता." कुणाचा पाळणा, असं विचारलंत की वंशावळीत नसलेलं एक नाव बाहेर येतं. तो कागद तारीख घालून जपून ठेवा, तोही ठेवाच.

*बोलू द्या.* माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा, कारण महत्त्वाचं वाक्य बरेचदा त्या थांब्यानंतर येतं. साल चुकलं तरी मध्येच दुरुस्त करू नका, एकदा टोकलं की माणूस सावध होतो आणि आखडता बोलतो. जोडीदार शेजारी बसून "तसं नव्हतं हो" करत असेल तर त्यांचं रेकॉर्डिंग वेगळं करा. एका बैठकीला पाऊण ते एक तास पुरे. दमलेल्या माणसाला ताणण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जा.

*निघण्यापूर्वी.* बोलण्यात आलेली नावं कागदावर लिहून दाखवा आणि शुद्ध करून घ्या. त्याच रात्री फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवा आणि कितव्या मिनिटाला कोणता विषय आहे याची अर्ध्या पानाची यादी करा. पूर्ण शब्दांकन जमलं तर सोन्याहून पिवळं, पण ही यादी नसेल तर तासभराचं रेकॉर्डिंग पुन्हा कुणी उघडत नाही.

टप्पा ४: फोटो आणि कागद

आधी मूळ फोटो ताब्यात घेण्याबद्दल. देणाऱ्याच्या समोर प्रत्येक फोटो मोजा, यादी करा, दोघांनी सही करा, परत द्यायची तारीख लिहा आणि ती पाळा. एका घराचा अल्बम हरवला की बाकीची दहा घरं कपाट उघडत नाहीत.

फोटो आले त्याच क्रमाने स्कॅन करा. लावून घेण्याचा मोह आवरा. कोणाशेजारी कोण चिकटवलंय, यावरूनही कधीकधी माणूस आणि साल ओळखता येतं.

स्कॅनरची काच पुसून घ्या. पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे ४ × ६ इंची फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवा, त्यातून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट आकाराला १२००, आणि ३५ मिमीच्या निगेटिव्हला ३००० च्या आसपास. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवरच स्कॅन करा, म्हणजे पिवळेपणा आणि डागही नोंदले जातात. मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, वाटण्यासाठी लहान आकाराची जेपेग. पाठीमागे काही लिहिलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. सजावट, रंग भरणं, चेहरे उजळणं हे सगळं नंतर, प्रतीवर. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

> सावधान: फोटो गोळा करताना "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा" म्हणू नका. तिथे साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि कधी काढला याची आतली नोंदही जाते. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधून फोटो ओरबाडू नका. दात साफ करायचा पातळ धागा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच ठेवा आणि वरून कॅमेऱ्याने टिपा. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायचा नाही आणि काहीही लॅमिनेट करायचं नाही. टेपचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन तर पुन्हा निघतच नाही.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाबाची रेघ पुढून दिसते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. काय लिहायचं हेही ठरलेलं हवं: डावीकडून उजवीकडे नावं, ठिकाण, सुमारे साल, ओळख कुणी पटवली, कधी. "छोटीच्या लग्नात, मी मागे" असं लिहिलेले फोटो प्रत्येक घरात निघतात, आणि ती छोटी कोण आणि तो "मी" कोण, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

ठेवायला आम्लमुक्त कागदाची पाकिटं किंवा पॉलिप्रॉपिलीन-पॉलिएस्टरचे पाऊच घ्या. उग्र वासाचे मऊ पीव्हीसीचे पाऊच टाळा. माळा आणि ओली भिंत दोन्ही वाईट. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहील अशी, घरातली राहती, कोरडी खोली चांगली.

टप्पा ५: कॅसेट आणि टेप

हे थोडक्यात, पण लांबणीवर टाकू नका. टेप खराब होत राहते आणि ती चालवणारी यंत्रं दुर्मीळ होत चालली आहेत. व्हीएचएस रेकॉर्डर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. ऑडिओ असो की व्हिडिओ, कॅसेट यंत्रात घालण्याआधी कडेचं छोटं प्लास्टिकचं पातं मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती चालवू नका, जाणकाराकडे द्या. बुरशी यंत्रात पसरते आणि पुढच्या कॅसेटही बाधतात.

टप्पा ६: संमेलनाचा दिवस

वंशावळ मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा. शेजारी पेन ठेवून "दुरुस्त करा" म्हणू नका, तासाभरात कागद गिचमिड होतो आणि कोणी काय लिहिलं ते कळत नाही. चिठ्ठ्या ठेवा: माणसाचा क्रमांक, चूक काय, बरोबर काय, सांगणाऱ्याचं नाव. एक माणूस तिथेच बसून चिठ्ठ्या घेईल. खरी मजा या भिंतीपुढेच असते, दोन चुलत बहिणी तिथे हमरीतुमरीवर येतात आणि वाद ऐकून तिसरी माणसं भर घालतात. त्या टेबलावर एक रेकॉर्डर चालू ठेवा आणि तसा फलकही लावा.

ओळख न पटलेले फोटो क्रमांक घालून वेगळ्या टेबलावर मांडा. मूळ नव्हेत, प्रती. लोकांनी आणलेले फोटो स्कॅन करायला आणि शांत खोलीत रेकॉर्डिंग करायला सकाळची वेळ ठेवा, जेवणानंतर कुणी येत नाही.

सगळ्यांचा एकत्र फोटोही जेवणाआधीच. तो काढून झाला की लगेच, माणसं जागची हलायच्या आत, एकाने रेकॉर्डर घेऊन प्रत्येक रांगेपुढून डावीकडून चालत जायचं आणि प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव सांगायचं. पाच मिनिटं लागतात. हे केलं नाही तर वीस वर्षांनी तुमचाच फोटो "ओळख न पटलेल्या" टेबलावर असेल.

> तपासा: लोक पांगण्यापूर्वी चिठ्ठ्या, रेकॉर्डर, मेमरी कार्ड आणि परत द्यायचे मूळ फोटो एका पेटीत आहेत ना? पेटी कुणाच्या घरी जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे ना?

टप्पा ७: नंतरचे चार आठवडे

पहिल्या आठवड्यातच चिठ्ठ्या वंशावळीत भरा. अक्षर लागत नसेल तर लिहिणाऱ्याला अजून आठवत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक शाखेला फक्त तिचा भाग तपासायला पाठवा, उत्तराची शेवटची तारीख घालून.

मग दोन प्रती करा. घरात ठेवायची पूर्ण, आणि वाटायची गाळलेली. वाटायच्या प्रतीत हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा, पत्ते, फोन आणि लहान मुलांची माहिती नको. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव यांवरून अनेक ठिकाणी ओळख तपासली जाते, म्हणजे फसवणाऱ्याला आयतं घबाड. आजारपण, दत्तक, तुटलेली लग्नं यांबद्दल संबंधित माणसाला विचारल्याशिवाय छापू नका. गावभर माहीत असलं तरी नाही.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर वाचता येणाऱ्या मराठीत, टाइप करून घ्या. डीटीपीवाले जुन्या फॉन्टात जुळवणी करून देतात, छपाई सुरेख होते, पण फाइलमध्ये एकही नाव शोधता येत नाही आणि तो फॉन्ट नसला की पानभर अगम्य चिन्हं दिसतात. छापखान्याशी बोलतानाच युनिकोड मजकूर आणि पीडीएफ/ए (दीर्घकाळ साठवणीसाठीचा पीडीएफचा प्रकार) फाइल परत हवी असं ठरवा.

टप्पा ८: साठवण आणि हवाली

फाइलींची नावं एकाच साच्यात: साल-महिना-दिवस, माणसाचा क्रमांक, विषय. नावात रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. मराठी नावं आतल्या वर्णनात लिहा.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नाही. क्लाउड खातं एकट्याच्या नावावर असेल तर जपून: गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते आतल्या मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. त्याच खात्यात "निष्क्रिय खाते व्यवस्थापक" अशी सोय आहे, तिथे घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव आजच घाला.

वर्षातला एक दिवस ठरवून प्रत्येक प्रत उघडून पाहा. नुसती फोल्डरची यादी नव्हे, त्यातले दहा फोटो आणि दोन रेकॉर्डिंग प्रत्यक्ष चालवून. दर पाच-सहा वर्षांनी हार्डडिस्क बदला, ती बंद पडायची वाट पाहू नका.

सांभाळणाऱ्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान असा एक वारस नेमा आणि त्याला यंदाच्या तपासणीला शेजारी बसवा. पासवर्ड कुठे आहेत, मूळ कागदांची पेटी कुठे आहे, कुणाचं काय परत द्यायचं राहिलंय, हे एका पानावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून लावा. त्या पानावर तारीख घाला, आणि पुढच्या वर्षी ते पान बदला.